एक माणूस, सामान नाही

१

सकाळी नऊला मी ऑफिसात पोहोचायचे तेव्हा स्टामेनकाका मागच्या खोलीत केव्हाच येऊन बसलेले असायचे. त्यांचा कोट खुंटीला, टोपी कोटावर आणि कॉफी अर्धी संपलेली. दुपारी बारापर्यंत ते खुर्चीतून उठत नसत. हाक मारून उपयोग नव्हता, कारण डाव्या कानाने त्यांना काही ऐकू यायचं नाही आणि उजव्याने हवं तेवढंच. काही विचारायचं असेल तर आत जाऊन टेबलावर बोट आपटायचं.

आमचं ऑफिस रूसे शहरात, नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत होतं. दोन खोल्या, उंच छत, छताला जुन्या काळची चुन्याची नक्षी. पुढच्या खोलीत मी आणि झ्लाता. झ्लाता गिऱ्हाइकांशी बोलायची, मी संगणकाशी.

त्या हिवाळ्यात काम एकच होतं. जानेवारीपासून आमचे लेवा जाऊन युरो येणार होते. ज्यांच्या ज्यांच्या कागदात किंमत लिहिलेली होती, त्या सगळ्यांना ती शोधून बदलायची होती. आमच्याकडे ‘झेराव’ नावाच्या बस कंपनीचे कागद आले होते. भाड्याची पत्रकं, नियम, थांब्यांवरच्या सूचना, तक्रारींची उत्तरं, असे एकशे साठ मजकूर. रक्कम कुठल्याही वाक्यात दडलेली असायची.

मजकुरातून रकमा काढायच्या तर आधी रक्कम कशी दिसते ते संगणकाला सांगावं लागतं. त्याला पैसे कळत नाहीत, आकार कळतो. आधी एक किंवा जास्त अंक, मग स्वल्पविराम, मग नेमके दोन अंक, मध्ये जागा सोडलेली असली तर असू दे, आणि शेवटी ‘लेवा’ किंवा त्याचं आखूड रूप. हे सगळं तिरक्या रेघा, कंस आणि चौकटींच्या खुणांनी एका ओळीत लिहायचं. पुस्तकात त्याला रेग्युलर एक्सप्रेशन म्हणतात. स्टामेनकाका त्याला जाळं म्हणायचे, म्हणून मीही जाळंच म्हणते. भोकं मोठी ठेवली की फोन नंबर आणि तारखासुद्धा अडकतात, बारीक केली की खऱ्या रकमा निसटतात.

हे मला त्यांनीच शिकवलं. त्याआधी मी सुताच्या गिरणीत रिळं खोक्यात भरायचे. गिरणी बंद पडली तेव्हा मी एकतीस वर्षांची होते. आमच्याच इमारतीत राहणारे स्टामेनकाका जिन्यात भेटले आणि म्हणाले, “स्नेझा, रिळातला तुटका धागा तुला लांबून दिसायचा ना? मग हे काम तुला जमेल.” एक पूर्ण हिवाळा त्यांनी मला संध्याकाळी स्वयंपाकघरात बसवून शिकवलं. पैसे घेतले नाहीत. उलट त्यांच्या बायकोने रोज सूप वाढलं. ती पुढच्या वर्षी गेली.

कंपनी रोज संध्याकाळी मजकूर दुरुस्त करून पाठवायची. रोज सकाळी मी जाळं टाकायचे. यादी यायची: फाइलचं नाव, ओळ क्रमांक, रक्कम आणि तिच्या अलीकडचे-पलीकडचे थोडे शब्द. झ्लाता ती यादी कागदाशी ताडून बघायची. रकमा चारशे अकरा होत्या.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, सोमवारी, यादी चारशे बारा आली.

२

जास्तीची ओळ अशी होती:

एक माणूस, सामान नाही, ६,४० लेवा.

फाइल भाडेपत्रकाची. ओळ दोनशे अठरा. मी फाइल उघडली. दोनशे अठरावी ओळ कोरी होती. वर मथळा, खाली तक्ता, मध्ये सोडलेली जागा.

असं होतं. कोणी वाक्य पुसतं, पण फाइलच्या पोटात ते राहून जातं. मी फाइल कच्च्या रूपात उघडली, जिथे प्रत्येक अक्षराचा आकडा दिसतो. त्या जागी ओळ बदलल्याची एकच खूण होती. बाकी काही नव्हतं.

मी आत जाऊन टेबलावर बोट आपटलं. काकांनी यादी पाहिली, फाइल पाहिली आणि चष्मा कपाळावर चढवला. म्हणाले, जाळं खोटं बोलत नाही, तू मागितलंस तेच देतं. मागण्यात काय चुकलं ते बघ. मी सगळा दिवस बघत होते. चूक सापडली नाही. जाळं पुन्हा टाकलं की ती ओळ पुन्हा यायची, त्याच जागी. संध्याकाळी मी ती हाताने खोडून यादी पाठवून दिली.

मंगळवारी तीच ओळ आली, फक्त रक्कम ५,२० होती.

बुधवारी ३,९०.

झ्लाता खिडकीपाशी उभी राहून दही-पाणी पीत होती. तिने हातातल्या कागदावरचा तक्ता वाचला, मग माझ्या संगणकाच्या पडद्याकडे पाहिलं आणि पेला खाली ठेवला.

“हे आकडे भाड्याचे आहेत,” ती म्हणाली. “सूखा चेश्मा ते रूसे, सहा चाळीस. कामेन ब्रोद, पाच वीस. ओरेशे, तीन नव्वद. गाडी ज्या क्रमाने इकडे येते ना, त्याच क्रमाने.”

मी म्हटलं, योगायोग असेल.

“असेल,” ती म्हणाली. “उद्या टोपोला. दोन साठ. नाही आलं तर मी तुला बेकरीतली बनित्सा खाऊ घालीन.”

ती हसत होती, पण पेला तिने परत उचलला नाही.

३

माणूस घाबरला की आधी कामाची भाषा बोलतो. मी स्वतःला सांगितलं की एक ओळ नको आहे ना, मग वगळू. जाळ्यात तशी सोय असते. ‘अमुक शब्द असतील तर सोड’ असं लिहिता येतं. ज्या ओळीत ‘सामान नाही’ असेल ती सोड, असं मी लिहिलं. दोनदा तपासलं.

गुरुवारी सकाळी जाळं टाकलं. चारशे अकरा रकमांपैकी एकही आली नाही. पडदा पांढरा होता आणि वरच्या कोपऱ्यात एकच ओळ होती:

एक माणूस, सामान नाही, २,६० लेवा.

भिंतीतली उष्णतेची नळी टक टक वाजत होती. एरवी ती ऐकू येते हेसुद्धा माझ्या ध्यानात नसायचं. मी ते वगळणं पुसलं, तशा चारशे अकरा रकमा परत आल्या, आणि त्यांच्यात ती. बाकीच्यांसारखीच, कुठल्याही वेगळ्या रंगात नाही.

झ्लाताने छातीवर क्रूस काढला. ती देवळात वर्षातून एकदा, ईस्टरला जाणारी. म्हणाली, “ह्यापुढे मी बाहेर असेन तेव्हा टाकत जा, स्नेझा. मला बघायचं नाही.”

मी कंपनीला फोन केला. तिथल्या बाईला विचारलं की कोणी गंमत म्हणून किंवा तपासायला काही ओळी घालतंय का. तिने मजकूर वाचून दाखवायला सांगितला. मी वाचला. ती म्हणाली की आमच्याकडे ‘एक माणूस’ असं कोणी लिहीत नाही, ‘प्रवासी’ लिहितात. ही बोलायची भाषा आहे. चालकापाशी उभं राहून माणूस म्हणतो तशी.

शुक्रवारी १,२०. शहराच्या वेशीपासून बसस्थानकापर्यंतचं भाडं. आणि पहिल्यांदा शब्द बदलले होते:

एक माणूस, उभ्याने चालेल, १,२० लेवा.

४

शनिवार-रविवार ऑफिस बंद. सोमवारनंतरचं मी काकांना काही बोलले नव्हते. काय सांगणार होते? ज्या माणसाने मला जाळं शिकवलं, त्याला जाऊन म्हणायचं का की माझ्या जाळ्यात कोणीतरी चालत येतंय?

शनिवारी दुपारी मी बसस्थानकावर गेले. भाजी घ्यायला जातेय असं स्वतःला सांगितलं होतं. सूखा चेश्म्याची गाडी दोनला आली. चार बायका, कांद्याच्या पातीच्या जुड्या घेऊन. एक लष्करी जवान, पाठीवर पिशवी. एक म्हातारा, हातात झाकलेली बादली. उतरणाऱ्या प्रत्येकाच्या हातात काहीतरी होतं. मी ते बघत होते आणि बघतेय याची मला लाज वाटत होती. गाडी रिकामी झाली. चालक उतरला, दार उघडंच होतं. मी आत डोकावले नाही.

भाजी न घेता घरी आले.

५

सोमवारी झ्लाता नऊ वाजताच बँकेत जाते म्हणून निघून गेली. बँक दहाला उघडते.

मी जाळं टाकलं. यादी सरकत गेली, ओळखीच्या रकमा, ओळखीची गावं. ती मध्ये नव्हती. सुटले मी, असं मनात आलं. मग यादी थांबली, आणि ती शेवटी होती:

एक माणूस, इथंच उतरायचंय, ०,०० लेवा.

दारावरची घंटा वाजली.

आमच्या दाराला जाड, लाटालाटांची काच होती. बाहेरचा माणूस तिच्यातून नुसता रंग म्हणून दिसायचा. काचेमागे राखाडी रंग उभा होता. फार उंच नाही. दार ढकलत नव्हता, काचेवर बोट वाजवत नव्हता. बाहेर सकाळचं लख्ख ऊन होतं, गल्लीतून दुधाची गाडी जात होती, आणि मला खुर्चीतून उठता येत नव्हतं. आपण उघडलं नाही तर जाईल, एवढंच मी धरून बसले होते.

घंटा दुसऱ्यांदा वाजली. आणि मागच्या खोलीत खुर्ची सरकली.

पाच वर्षांत मी स्टामेनकाकांना घंटा ऐकताना पाहिलं नव्हतं. ते दारात येऊन उभे राहिले. हातात पेन्सिल तशीच.

“दारात कोणी आलंय,” ते म्हणाले. “ऐकू येत नाही का तुला?”

“काका, उघडू नका.”

“का?”

मी उठून त्यांची बाही धरली. चांगली घट्ट धरली. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे, आणि लहान मुलाचा हात सोडवावा तसा हळूच सोडवला. पुढे गेले. दार उघडलं.

त्यांची पाठ रुंद होती, माझ्यासाठी दार भरून गेलं. थंड हवा आत आली, तिला धुळीचा आणि डिझेलचा वास होता. मला फक्त त्यांचं बोलणं ऐकू येत होतं.

“हो, मीच,” ते म्हणाले. मग थोडं थांबून, “नाही, घाई कसली.” मग, “थांबतो की. किती वेळ?”

त्यांच्या बुटाच्या शेजारी, उंबऱ्याच्या पलीकडे, मला एका चपट्या रबरी बुटाचं टोक दिसलं. पांढऱ्या धुळीने माखलेलं. शहरात त्याआधी पाच दिवस पाऊस झाला होता. सगळ्यांच्या बुटांना चिखल होता.

तेवढ्यात मागच्या खोलीचं छत खाली आलं.

६

आवाज आठवत नाही. पांढरं आठवतं. चुना दारातून लोटासारखा पुढे आला आणि माझं टेबल, पडदा, कॉफीचा पेला, सगळं पांढरं झालं. कोणीतरी ओरडत होतं. ती मीच होते.

काका दारातच उभे होते. त्यांच्या केसांवर धूळ होती आणि अंगावर एक ओरखडाही नव्हता. आम्ही आत गेलो तेव्हा त्यांची खुर्ची दिसत नव्हती. नक्षीचा मधला गोल, चाकाएवढा, तिच्यावर पडून चार तुकडे झाला होता. वरून तुळईचं टोक लोंबत होतं.

नंतर पालिकेचा अभियंता आला. वरच्या मजल्यावरची नळी कित्येक वर्षं भिंतीत गळत होती म्हणाला. खुर्चीत कोणी नव्हतं ना, असं त्याने तीनदा विचारलं.

मी काकांना पायरीवर बसवून पाणी दिलं. विचारलं, दारात कोण होतं.

“कोणीतरी विचारत होतं,” ते म्हणाले. “स्टामेन तुम्हीच का, असं. हो म्हटलं. मग म्हणालं, जरा इथंच थांबा, माझ्यासाठी.”

“बाई होती की बाप्या?”

“तेच तर. चेहरा बघितला मी, स्नेझा. चांगला समोर उभा राहून बघितला.” त्यांनी तळहात उघडून दाखवला, त्यात काही नसल्यासारखा. “आणि ऐकलं कुठल्या कानाने सांगू? डाव्या.”

मग त्यांनी माझा हात हातात घेतला. म्हणाले, तू बाही धरलीस तेव्हा मी जरासा थबकलो होतो. बरं झालं तू दुबळी आहेस.

ते हसले. मला हसता आलं नाही. आठवडाभर मी त्या येणाऱ्याला हाकलायचा प्रयत्न करत होते. जाळ्यातून वगळलं होतं. दार उघडू नका म्हटलं होतं. माझं ऐकलं असतं तर आज मी या माणसाला पुरून आले असते. त्या रात्री मी घरी स्वयंपाक केला आणि ताट समोर ठेवून रडले. भीतीने नव्हे. कोणाचे आभार मानायचे ते कळत नव्हतं, आणि ते मानल्याशिवाय घास उतरत नव्हता.

७

आम्ही तिघंही पुढच्या खोलीत बसू लागलो. काम पुढे चाललं. यादी रोज चारशे अकराची येत होती, एक जास्त नाही, एक कमी नाही.

मी उलटे आकडे शोधत होते. एक वीस, दोन साठ, तीन नव्वद. आलेलं कोणी परत जातंय, असं काही दिसेल म्हणून. दिसलं नाही. आणि रोज सकाळी नऊ वीसला, त्या सोमवारच्याच वेळी, दारावरची घंटा एकदा वाजायची, हलकीशी. काचेमागे काही नसायचं. झ्लाता घंटेकडे पाठ करून बसायची. एके दिवशी काका पडद्यावरून नजर न काढता म्हणाले, “थंडी फार आहे. बाहेर किती दिवस उभं राहणार कोणी.”

तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. सोमवारपासून सोमवारपर्यंत, एकेक रक्कम. मला वाटलं होतं ते चष्मा कपाळावर चढवतील आणि मागण्यात काय चुकलं ते विचारतील. त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि विचारलं, “त्या गाडीचे वार कुठले?”

मंगळवार, शुक्रवार, शनिवार.

शुक्रवारी सकाळी आम्ही दोघं बसस्थानकावर गेलो. काकांनी लाल भोपळ्याची बनित्सा बनवून आणली होती, कागदात गुंडाळून, दोऱ्याने बांधून. बायको गेल्यापासून त्यांनी भट्टी लावल्याचं मला माहीत नव्हतं. तिकिटाच्या खिडकीतली मुलगी नखांना रंग लावत होती.

मी सूखा चेश्म्याची दोन तिकिटं मागितली. एक यायचं, एक जायचं.

“एकत्र घ्या, सूट आहे,” ती म्हणाली. “अकरा वीस पडतील.”

मी म्हटलं, वेगळी द्या. यायचा प्रवास होऊन गेलाय.

तिने मान वर केली. मग म्हणाली, “नवे पैसे यायच्या आत जुने संपवायचे दिसतात,” आणि दोन तिकिटं फाडून दिली. बारा ऐंशी. ते पैसे देताना मला किती बरं वाटलं, ते मी कोणाला समजावून सांगू शकत नाही.

गाडी जुनी होती, पायऱ्यांची. चालक जाडसर, मिशाळ, सूर्यफुलाच्या बिया सोलत बसलेला. मी दोन्ही तिकिटं पुढे केली. एक वापरलेलं समजा, म्हटलं. त्याने दोन्हींचे कोपरे फाडले. काकांनी वर चढून पहिल्या रांगेतल्या खिडकीच्या आसनावर पुडकं ठेवलं, जरा मधोमध केलं आणि खाली उतरले.

“तुम्ही नाही येत?” चालक म्हणाला.

“आम्ही नाही,” काका म्हणाले.

आम्ही बाजूला झालो. चालकाचा हात दाराच्या दांड्यावर गेला, आणि तिथेच थांबला. तो आरशात बघत होता, पायरीकडे, म्हातारं माणूस चढत असताना चालक बघतात तसं. त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. फक्त वाट बघणं होतं. मग गाडी आमच्या बाजूला किंचित कलली. पायरीचं रबर दबलं आणि सुटलं. दुसरी पायरी दबली आणि सुटली. पायरीवर पांढरी धूळ उमटली होती, अर्ध्या पावलाएवढी.

मी काकांचा हात धरला. त्यांनी टोपी काढून छातीशी धरली होती.

चालक अजून आरशात बघत होता. “आणखी कोणी आहे?” त्याने विचारलं.

“नाही,” काका म्हणाले. “बसू द्या नीट, मग निघा.”